डाव्या दाराचं कलम

नत्थुजींनी पत्र्यावर बोट फिरवलं आणि ते भगवंतरावांच्या नाकासमोर धरलं.

“हे काय हाये?”

“बोट.”

“बोट त मलेही दिसते, भाऊ. बोटाले काय लागलं?”

भगवंतरावांनी मान पुढे काढून पाहिलं. “गंज. पन जरासाच हाये.”

“जरासा गंज म्हंजे गंजच. गंजावर झाळ धरत नाई. रंग नोको, तेल नोको, गंज नोको. पत्रा असा घासा, का वयनीनं त्यात पाहून कुकू लावलं पाह्यजे.”

विहिरीपाशी घागर घासत बसलेल्या माणिकबाईंनी मान वर केली नाही.

“माह्या घरी आरसा हाये, नत्थुजी,” त्या म्हणाल्या.

नत्थुजी हसले. भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी कानस उचलली आणि पुन्हा घासायला सुरुवात केली.

विहिरीच्या ओट्यावर, संत्र्याच्या दोन रिकाम्या पेट्यांवर मोटारीचं डावं दार उताणं पडलं होतं. मुठीच्या खालून थेट तळापर्यंत ते वीतभर फाटलं होतं आणि फाटल्या जागी पत्र्याच्या कडा बाहेर आल्या होत्या. मोटार स्वतः चिंचेखाली उभी होती, एका बाजूनं उघडी. शेजारच्या गोदाबाई येता-जाता तिच्याकडे पाहून पदर तोंडाला लावत. बदली होऊन अकोल्याला निघालेल्या एका साहेबाकडून भगवंतरावांनी ती घेतली, त्या दिवसापासून गोदाबाई तिला ‘साहेबाची म्हातारी’ म्हणत. आता म्हातारीची दाढही पडली, असं त्यांनी सगळ्या आळीत सांगितलं होतं.

मोर्शी तालुक्यात संत्र्याचं कलम करणारे पुष्कळ होते. पण भगवंतरावांनी जंबेरीच्या रोपावर भरलेला संत्र्याचा डोळा शंभरात पंच्याण्णव जगतो, असं लोक म्हणत. भगवंतराव स्वतः सत्त्याण्णव म्हणत. उरलेल्या तिनांचा दोष ते पाण्यावर, गड्यावर किंवा रोप नेणाऱ्याच्या नशिबावर टाकत. हात चांगला असलेल्या माणसाला जी खोड असते तीच त्यांना होती: हातानं होतं ते सगळं आपल्याला येतं, आणि जे आपल्याला येत नाही ते हातानं होत नाही, असं त्यांना वाटे. मोटार चालवणंही त्यांनी तीन सकाळींत शिकून टाकलं होतं. चौथ्या सकाळी ते माणिकबाईंना शेजारी बसवून पिंगळादेवीच्या दर्शनाला घेऊन गेले.

जाताना काही झालं नाही. येताना नाल्यावरच्या अरुंद पुलाशी समोरून एक बैलगाडी आली. भगवंतरावांनी बैलांना वाट दिली, आणि ती जरा जास्तच दिली. पुलाच्या दगडी कठड्याला डाव्या अंगानं घासत मोटार चार हात गेली आणि थांबली. भगवंतराव उतरले, वळसा घालून डावीकडे आले. आधी मडगार्ड पाहिलं, मग दिवा, मग चाक, मग दार. दारावरून हात फिरवत “अरेरेरे” म्हणाले. मग आत बसलेल्या बायकोला म्हणाले, “चाल, वाचलो.”

माणिकबाईंनी मान हलवली. घर तिथून सहा मैल होतं. सहा मैलांत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे भगवंतरावांच्या लक्षात आलं नाही. इंजिनाचा आवाजच तेवढा होता.

तेव्हापासून माणिकबाई मोटारीत बसल्या नव्हत्या. ‘बसणार नाही’ असंही त्या म्हणाल्या नव्हत्या. बाजाराला निघायचं झालं की त्यांना चालत जायचं असे. आखतवाड्याला पाहुण्यांकडे निघायचं झालं की त्यांचं डोकं दुखे. आणि चैत्रात अमरावतीला सिंधूकडे जायचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमी या मागून तुमच्या मोटारीत. मी होईन पुढं दमणीनं.”

सिंधू त्यांची एकुलती एक. दुसऱ्या खेपेची होती. पहिलं बाळंतपण मोर्शीत झालं, हे सासरी होणार होतं. बाळाच्या बारशाला आजी-आजोबांनी अंगडं-टोपडं आणि कुंची घेऊन जायचं. अमरावतीच्या शाळेत मास्तर असलेले जावई कमलाकांत मोटारीचं नाव ऐकून होते, आणि त्यांच्या घरासमोर बायकोसकट मोटारीतून उतरायचं असं भगवंतरावांनी मनात पक्कं केलं होतं. बायको एक दिवस आधी बैलांच्या दमणीत निघाली आणि आपण एकटेच मोटारीतून उतरलो, हे चित्र त्यांना डोळे मिटले तरी दिसे. त्यात लाज होतीच. पण चिंचेखाली मोटारीचं इंजिन फिरवून पाहताना ते जेव्हा सवयीनं डावीकडे पाहत आणि तिथे रिकामी गादी दिसे, तेव्हा जे वाटे ते लाजेसारखं नव्हतं.

“भेली असन बिचारी,” गोदाबाई म्हणाल्या होत्या. भगवंतरावांना ते पटलं. फाटकं दार रोज डोळ्यांसमोर असल्यावर माणूस भिणारच. दार पहिल्यासारखं झालं की भीती जाईल.

नत्थुजी जिनिंगात फिटर. कापसाचा हंगाम शिमग्याला संपला आणि जिन थंड झालं, तेव्हा ते मोकळेच होते. “आनून टाका दार जिनात,” ते म्हणाले, “दुपारच्याले झाळून देतो.”

“नाई. म्या फाडलं, मीच शिवीन. तुमी फक्त सांगा.”

“भाऊ, हे कलम नोहे.”

“तेच पाहाचं हाये मले.”

नत्थुजींनी दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून सगळा सरंजाम आणला: कारबीटचं पिंप, ऑक्सिजनची लांबोडी टाकी, रबराच्या दोन नळ्या, पितळी चोचीची बत्ती आणि गडद निळ्या काचांचा चश्मा. कलमांच्या मांडवात काम करू म्हणताच नत्थुजींनी वर बोट केलं. मांडवाला तुराट्यांचं छप्पर होतं.

“इथं बत्ती पेटवली त बारसं राह्यलं बाजूले, तेरवीच करा लागन. उघड्यावर चाला. आन पानी भरून ठेवा दोन बादल्या.”

पहिले पंधरा दिवस दाराला बत्ती लावायची नाही, असा त्यांचा हुकूम होता. दार घासायचं, आणि झाळ शिकायची ती जुन्या मडगार्डाच्या दोन बोटं रुंद पट्ट्यांवर. आधी कारबीटचा गॅस सोडायचा, पेटवायचा, मग ऑक्सिजन हळूहळू. पिवळी धुरकट जीभ निळी होत जाते आणि चोचीच्या तोंडाशी जवारीच्या दाण्याएवढं पांढरं टोक उरतं. ते टोक पत्र्याला टेकवायचं नाही, दूरही न्यायचं नाही.

“आवाज आयका,” नत्थुजी म्हणत. “जाड लोखंडाले बोंबलली तरी चालते. पातळ पत्र्याले फुसफुस पाह्यजे. झोपलेल्या लेकरापाशी बोलतो ना आपन, तशी.”

मग दोन्ही पट्ट्यांच्या कडा लाल होत, पांढऱ्या होत आणि त्यांच्यामध्ये लोखंडाच्या रसाचा एक थेंब थरथरायला लागे. त्या थेंबात तार बुडवायची आणि तो थेंब पुढे न्यायचा. नत्थुजी नेत तेव्हा तो पाळलेल्या जनावरासारखा मागोमाग जाई. भगवंतरावांच्या हातात तो जागच्या जागी बुडे आणि तिथे भोक पडे. पहिल्या दिवशी भोकं अकरा, जोड शून्य. आठव्या दिवशी भोकं तीन, जोड दोन. त्यांतला एक माणिकबाईंनी झाडताना उचलला तेव्हा त्यांच्या हातात सुटला. त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले आणि झाडू पुढे नेला.

“थेंबावरून नजर काढली तुमी,” नत्थुजी म्हणत. “काहून काढली?”

“घाम आला डोयात.”

“येऊ द्या. जग बुडालं तरी नजर थेंबावर. नजर हलली का भोक. दुसरा नियमच नाई याले.”

दाराचा फाटका भाग कापून काढून तिथे ठिगळ बसवायचं होतं. ठिगळासाठी भगवंतरावांनी रॉकेलचा डबा कापला. नत्थुजींनी तो तुकडा बत्तीसमोर धरला, आणि तो कागदासारखा गोळा होऊन उडून गेला.

“दार जेवढं जाड तेवढंच ठिगय. आन वर कथिल असलेला पत्रा नोको, त्याचा धूर वाईट.”

मग मडगार्डाच्या पत्र्यातून दुसरा तुकडा कापला. इथे मात्र भगवंतरावांचा हात दिसला. त्यांनी आधी कागद कापून माप घेतलं, पत्रा कापला, कानशीनं कडा अशा काढल्या की ठिगळ दारात बसवल्यावर सगळीकडून घट्ट. त्यांनी कलमाच्या चाकूचं पातं फटीत घालून पाहिलं. ते कुठेच शिरेना.

“पाहा,” ते म्हणाले.

नत्थुजींनी पाहिलं. तोंडात सुपारी होती म्हणून किंवा मुद्दामच, ते काही बोलले नाहीत. भगवंतरावांनी बत्ती पेटवली. तीन बोटं झाळ उत्तम झाली. चौथ्या बोटाला ठिगळाच्या पोटात काहीतरी ‘टण्’ वाजलं आणि सगळा तुकडा भाजत्या पापडासारखा फुगून वर आला. एकीकडून दाबला तर दुसरीकडून उठला.

सुपारी थुंकून नत्थुजी म्हणाले, “तुमच्याशिवाय हे कोनी केलं नसतं, भाऊ. दुसऱ्या कोनाले इतकं बारीक बसवताच येत नाई.”

“कलमात फट राह्यली त डोया मरते.”

“डोया गार असते. पत्रा तापला का वाढते. त्याले वाढाले जागाच ठेवली नाई तुमी, त कुठी जाईन तो? फुगूनच बसन.” त्यांनी पत्र्याचाच एक कपटा उचलून दार आणि ठिगळ यांच्यामध्ये उभा धरला. “एवढी फट पाह्यजे. चारी अंगानं. मंग पयले टाके. एक मधात, एक या टोकाले, एक त्या टोकाले. लाईनीनं नाई मारत जाचं. एक टाका मारला का थांबा. पत्र्यावर हात ठेवता आला पाह्यजे, मंगच दुसरा.”

भगवंतरावांनी फुगलेलं ठिगळ कापून काढलं. थांबणं हा प्रकार त्यांना कलमात माहीत होता. तिथे तर एकवीस दिवस थांबावं लागे. पण तिथे थांबताना दुसरी शंभर कलमं असत.

त्या दुपारी सावलीत बसून नत्थुजींनी सहज विचारलं, “वयनीले लागलं होतं काय हो त्या दिवशी?”

“नाई नाई. कोपराले जरासं खरचटलं होतं, दाराचा पत्रा लागून. रगत आलं होतं थोडं. घरी आल्यावर दिसलं मले.”

“घरी आल्यावर?”

“हो. पदराखाली होतं ना.”

नत्थुजींनी निळ्या चश्म्याच्या काचा धोतराच्या सोग्यानं पुसल्या. पुसून झाल्या तरी पुसतच राहिले. मग “हूं” म्हणाले आणि उठले.

भगवंतरावांना तो हुंकार त्या वेळी काहीच वाटला नाही. संध्याकाळी जेवताना मात्र त्यांचा घास दोनदा हातात थांबला.

टाके घालायच्या सकाळी नत्थुजींनी ओली चिकणमाती मागितली. जोडाच्या दोन्ही बाजूंनी मातीची वरंबी घातली की ताप पुढे सरकत नाही. भगवंतराव फावडं घेऊन निघाले तर ओट्यावर मातीचा गोळा आधीच तयार होता: चुलीसाठी माणिकबाई कालवत तसा, मऊ, एक खडा नसलेला. माणिकबाई स्वतःच दारापाशी बसल्या आणि दोन बोटं सोडून वरंबी घालत गेल्या.

“इथं?”

“जराशी इकडे,” नत्थुजी म्हणाले. “बस. वयनी, तुमचा हात भाऊच्यापेक्षा बरा हाये.”

“माह्या हाताले कोन पाह्यते?” माणिकबाई म्हणाल्या.

त्या हसतच म्हणाल्या. भगवंतराव समोर बसले होते आणि त्यांनी खरंच त्या हाताकडे पाहिलं. वाकल्यामुळे चोळीची बाही वर गेली होती. कोपरापासून खाली चार बोटं एक पांढुरकी रेघ होती, मधे जरा उंच, एका टोकाला वळलेली. दाराच्या फाटक्या कडेला जसं वळण होतं तसंच.

नत्थुजी तार आणायला बैलगाडीकडे गेले, तेव्हा भगवंतरावांनी हळूच विचारलं, “हे तवाचं हाये का?”

“कवाचं?”

“पुलाचं.”

माणिकबाईंनी मातीवरून ओलं बोट फिरवून ती गुळगुळीत केली. “असन,” त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

त्या दिवशी नऊ टाके पडले. प्रत्येक टाक्यानंतर भगवंतराव पत्र्यावर तळवा ठेवून बसून राहत. नत्थुजींना वाटलं, शिष्य तयार झाला. शिष्य दाराकडे पाहतच नव्हता. विहिरीपलीकडे अंगणात बसून माणिकबाई कुंचीला लाल गोट लावत होत्या आणि तो त्यांच्या सुईकडे पाहत होता. त्याही आधी लांब लांब कच्चे टाके घालून घेत होत्या, एक इथे, एक तिथे, मग मधे. हे त्या तीस वर्षं याच अंगणात करत आल्या होत्या.

आठवडाभरानं कमलाकांतांचं पत्र आलं. सिंधूला मुलगी झाली होती. बारसं पुढच्या गुरुवारी.

नत्थुजींना नेमकं त्याच वेळी मेहुण्याच्या लग्नाला नांदगाव खंडेश्वरला जायचं होतं. निघताना ते म्हणाले, “आता फक्त टाके जोडत जाचे. एका दमात, मधात थांबाचं नाई. बुधवारी दार करून ठेवा, गुरुवारी सूर्य निघायच्या आधी येतो आन बसवून देतो. आन नियम ध्यानात ठेवा.”

“नजर थेंबावर.”

“जग बुडालं तरी.”

बुधवारी सकाळी ऊन ओट्यावर यायच्या आत भगवंतरावांनी बत्ती पेटवली. मातीची वरंबी माणिकबाईंनी पहाटेच घालून ठेवली होती आणि त्या आत सामानाच्या मागे लागल्या होत्या. जायचं कसं याबद्दल दोघंही काही बोलले नव्हते. दमणी गोठ्यापाशी जुंपायला काढून ठेवलेली होती, आणि ती कोणी काढली हे भगवंतरावांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी निळा चश्मा लावला. जग काळं झालं. उरला तो जवारीच्या दाण्याएवढा उजेड आणि त्याच्या खाली थरथरणारा थेंब. आणि आज तो थेंब ऐकत होता. पहिला टाका त्यानं गिळला, दुसरा गिळला. मागे माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक नक्षी उमटत गेली. भगवंतराव श्वास जपून घेत होते. पाच टाके झाले, सहा झाले. तळाचं वळण आलं, तेही गेलं. आता चार बोटं उरली. असा जोड नत्थुजींचासुद्धा पाहिला नव्हता, असं त्यांच्या मनात आलं, आणि सत्त्याण्णवचा आकडाही येऊन गेला.

आत काहीतरी धाडकन पडलं. पितळेचं भांडं फरशीवरून घरंगळत गेलं, भिंतीला लागलं आणि थांबलं. त्यानंतर कसलाच आवाज आला नाही.

भगवंतरावांनी नजर वर केली.

बत्ती त्यांनी ओट्याच्या दगडावर टाकली की ठेवली, ते त्यांना नंतर आठवेना. तोंडात शब्द होते, ते पायांच्या आधी निघाले होते.

“लागलं का? आवं! लागलं का तुले?”

ते दारात शिरले आणि चौकटीला कपाळ आपटलं. आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं, सगळा काळोख. त्यांनी हात पुढे केले, उतरंडीला धडकले, खाली बसले, गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपायला लागले.

“कुठी हायेस? बोल ना, माय! कुठी लागलं?”

“इकडे,” कोपऱ्यातून आवाज आला.

त्यांच्या हाताला पाऊल लागलं, मग मनगट. दोन्ही हातांनी ते हात चाचपत वर गेले, कोपरापर्यंत, त्या उंच रेघेपर्यंत, आणि तिथे थांबले.

“अवो, चश्मा काढा आधी,” माणिकबाई म्हणाल्या.

“लागलं का ते सांग आधी.”

“चश्मा काढला त दिसन ना लागलं का नाई ते.”

तेव्हा कुठे भगवंतरावांनी चश्मा काढला. माणिकबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नातीला न्हाऊ घालायचं पितळी घंगाळं फळीवरून काढायला त्या संत्र्याच्या पेटीवर चढल्या होत्या आणि पेटी सरकली होती. उजवा घोटा सुजायला लागला होता. त्या भगवंतरावांच्या कपाळाकडे पाहत होत्या. तिथे चौकटीचं टेंगूळ उठत होतं. त्यांचे ओठ हलले, आणि मग खांदे. त्या हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी हसत असल्यासारख्या त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

“आंबेहयद कुठी हाये?” भगवंतरावांनी विचारलं.

“दुसऱ्या डब्यात. अवो, तुमचं ते बाहीर फुसफुसून राह्यलं.”

“फुसफुसू दे.”

त्यांनी आंबेहळद उगाळली, कोमट केली, घोट्याला लावली. जुन्या धोतराची पट्टी फाडून ती घट्ट गुंडाळली, कलम बांधतात तशी, खालून वर, गाठ बाजूला. पट्टी बांधून झाल्यावरही पाऊल त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही. बाहेर बत्ती कितीतरी वेळ एकटीच बोलत राहिली.

ते ओट्यावर आले तेव्हा माती सुकून भेगाळली होती. शेवटच्या चार बोटांच्या आधी, जिथे त्यांची नजर हलली तिथे, दाराला पिकल्या बोराएवढं आरपार भोक पडलं होतं. कडा काळ्या, आत वळलेल्या. भगवंतरावांनी आधी ऑक्सिजन, मग गॅस बंद केला. नंतर पुन्हा पेटवून उरलेली चार बोटं पूर्ण केली. भोक कसं भरायचं ते त्यांना नत्थुजींनी शिकवलं नव्हतं. नजर हलू द्यायची नाही एवढंच शिकवलं होतं.

गुरुवारी सूर्य निघायच्या आधी नत्थुजी लग्नाच्या मांडवातून थेट आले, टोपीला अजून हळदीचा डाग होता. त्यांनी दार उचलून पुसलं, जोडावरून अंगठा फिरवत खाली आणला. भुवया वर गेल्या. अंगठा आणखी खाली आला आणि भोकात अडकला.

“हे काय?”

“नजर हलली,” भगवंतराव म्हणाले.

“अरे, पन इथपर्यंत त सोन्यासारखं आनलं! काहून हलली? काय झालं असं?”

भगवंतराव बिजागऱ्यांना तेल घालत होते. त्यांच्या कपाळावरचं टेंगूळ आता जांभळं झालं होतं.

“झालं काहीतरी.”

“हात बसला तुमचा, मंग हे कशाले ठेवता? दहा मिनिटाचं काम हाये, भरून देतो. पेटवा बत्ती. जावयाच्या दारात भोक घेऊन जाता काय?”

“राहू द्या, नत्थुजी.”

आवाज मोटारीतून आला. नत्थुजींनी वळून पाहिलं. डाव्या बाजूला जिथे दार नव्हतं, तिथे माणिकबाई बसलेल्या होत्या. हिरवं लुगडं, मांडीवर कुंचीचं गाठोडं, पायाशी पितळी घंगाळं, एका घोट्याला धोतराची पट्टी. त्या कधी येऊन बसल्या हे कोणालाच कळलं नव्हतं. दमणी गोठ्यापाशी तशीच होती, बैल अजून दावणीला वैरण खात होते.

“वयनी, तिथून पानी येईन आत. धूय येईन.”

“येऊ द्या. दार लावा तुमी. उशीर होऊन राह्यला.”

नत्थुजींनी दाराकडे पाहिलं, टेंगळाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. हिशेब जमायला त्यांना फार वेळ लागला नाही. सुटे भाग जुळवण्यात जिनात आयुष्य गेलं होतं. त्यांनी दार बिजागऱ्यांत बसवलं, रंगाला वेळ नव्हता म्हणून उघड्या पत्र्यावर तेलाचं बोट फिरवलं आणि मुठीला धरून हळूच लावलं. दार टक् असा आवाज करून बसलं.

“जमलं,” ते म्हणाले.

गावाबाहेर पडेपर्यंत गोदाबाईंसह निम्मी आळी दारात उभी होती. भगवंतरावांनी कोणाकडे पाहिलं नाही. रस्ता लागला. संत्र्यांच्या बागा मागे गेल्या. वाटेत त्यांनी तीनदा डावीकडे पाहिलं, आणि तीनदाही तिथे माणिकबाई होत्या.

नाल्याचा पूल दिसायला लागला तसा त्यांनी वेग कमी केला. कठड्याच्या दगडावर मोटारीचा काळा रंग अजून होता.

“आवं,” ते म्हणाले, “भेव वाटून राह्यलं का? थांबू का? पाय दुखते का तुहा?”

माणिकबाईंनी दाराच्या भोकाशी हात नेला. भोकातून वारा येत होता. त्यात त्यांनी करंगळी घातली आणि ती तिथेच राहू दिली.

“तुमी समोर पाहा,” त्या म्हणाल्या.